शेवटची खाच

हार्लन काका सहा फूट तीन इंच.
बाबा पाच फूट सहा, तेही बूट घालून.
गाडी दोघांत एकच,
अडुसष्ट सालची ओल्ड्समोबाइल, गडद हिरवी,
लान्सिंगच्या ज्या कारखान्यात बाबा दारं बसवायचे
तिथूनच बाहेर पडलेली.

काकाने ती अकरा महिने चालवली.
मग व्हिएतनामहून पेटी आली
आणि पाठोपाठ बँकेचं पत्र:
पंचवीस हप्ते बाकी.

बाबांनी हप्ते फेडले.
पावत्या काकाच्याच नावाने फाडायला लावल्या.
कारकून कुरकुरला, मग गप्प बसला.

सीट मात्र पुढे ओढली नाही.
पाठीशी आईने शिवलेली उशी,
डावा पाय पार ताणून, चवड्याच्या टोकाने
तो आडदांड क्लच.
प्रत्येक सिग्नलला बाबा बसल्या जागी
जवळजवळ उभेच राहायचे.
सत्तेचाळीस वर्षं.
कंबर गेली. एका उशीच्या दोन झाल्या.
डॉक्टरांनी विचारलं, जड काही उचलता का?
बाबा म्हणाले, तसं काही नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात, लोखंड नाही.
म्हणून पहिल्या बर्फाच्या आत
गाडी लाकडी ठोकळ्यांवर,
बॅटरी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी,
धुराच्या नळीत तारेचे बोळे, उंदरांसाठी.
मी नऊ वर्षांची होते.
बॉनेटवर माझा हात ठेवून बाबा म्हणाले,
ऐक, आठातला एक खोटं बोलतोय.
मला सगळेच खरे वाटले.
तिसरा होता.

पुढे कंपनीच बंद पडली.
ओहायोत मक्याच्या शेतात एक सांगाडा सापडला,
त्याच्या दाराची काच बाबांनी
चार तास मांडीवर घेऊन आणली. मी चालवत होते.
खड्डा आला की ते काचेवर हात ठेवायचे.
आई म्हणायची, हिच्या पोटात माझं नवं स्वयंपाकघर गेलं.
म्हणायची, आणि उशीची खोळ बदलायची.

कॉफीच्या डब्यातून ती माझ्याकडे आली.
चिठ्ठी नव्हती.
दोन चाव्या, आणि एक जादा स्पार्क प्लग.

मी बाबांच्याच उंचीची.
एक उन्हाळा मीही उशी लावून पाय ताणला.
मग मार्चमध्ये, ठोकळ्यांवरच, सीटखाली वाकले.
रूळ गंजून एकजीव झालेला.
तेल सोडलं. रात्रभर ठेवलं. परत सोडलं.
तिसऱ्या दिवशी लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडी,
हलक्या हाताने,
शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशी.

सरकली.

वाटलं होतं, खाली काहीतरी असेल.
नाणं, तिकीट, कंगवा.
काही नव्हतं.
फक्त गालिच्याचा एक पट्टा, ऊन न पाहिलेला,
इतका हिरवा
की बाकीची गाडी मला त्या दिवशी
पहिल्यांदा म्हातारी दिसली.

तीन खाचा पुढे येऊन मी दोन वर्षं चालवली.
पाय दुखला नाही. त्याचंही वाईट वाटायचं.

काल ब्रिन बसली, माझी मुलगी.
सतरा वर्षांची, आणि उंची अशी
की दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांकडे बोट दाखवतात.
गुडघे स्टिअरिंगला टेकले.
न विचारता तिने हात खाली घातला,
खटका सापडला तिला, पाहावंही लागलं नाही.
थांब, म्हणणार होते मी.

खट्.
शेवटची खाच.

तिने क्लच दाबला,
एवढासा, सहज,
दार लोटावं तसा.
मला माझा पट्टा बराच वेळ सापडेना.

"निघू?" ती म्हणाली.

"आधी आरसा," मी म्हटलं.
"तो अजून माझ्या उंचीचा आहे."