परवलीचा शब्द

मार्चमध्येच गोदाम उघडते मी.
पोस्टाच्या मागची खोली,
दाराला लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.
अकरा तंबू, प्रत्येकाचा वास वेगळा:
तिसऱ्याला धुराचा, आठव्याला कुणाच्या तरी ओल्या मोज्यांचा,
पाचव्याला, देव जाणे का, बडीशेपेचा.
सातव्याच्या छताला निळ्या रेनकोटाचं ठिगळ,
ते मी दात-ओठ खात लावलं,
कारण रेनकोट माझा होता.
खुंट्या दोनशे चौसष्ट.
मोठ्यानं मोजते, कुणी ऐकत नाही तेव्हा.

जुलैत ट्रॅक्टरवरून सगळं कोल्पाच्या काठी येतं.
पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा,
तिकडच्या गाई मात्र इकडच्यासारखंच पाणी पितात.
पहिल्या दिवशी पोरं वाशांचं प्रवेशद्वार उभारतात,
एकही खिळा नाही, नुसती सुतळी आणि भांडण.
गाठ कशी हवी, ते ग्रेगा सांगतो:
ओढली की आवळावी,
सोडायला गेलं की रुसून बसू नये.
मी पातेल्यापाशी. मक्याचं पीठ ढवळत
तीस पोटांचा अंदाज घेत,
जो रोज चुकतो.

शेजारच्या तळावरची टोळी रात्री झेंडा पळवते.
याला चोरी म्हणत नाहीत, रिवाज म्हणतात.
परत हवा असेल तर त्यांच्यापुढे नाचायचं.
त्र्याऐंशी साली तो माझ्या पहाऱ्यातून गेला.
मला झोप लागली नव्हती, असं चाळीस वर्षं सांगत आले.
लागली होती.

यंदा बाराव्या रात्री पहाऱ्यावर तिलन.
दहा वर्षांचा, आठवडाभरात माझ्याशी दोनच वाक्यं बोललेला;
त्यातलं एक "अजून आहे का?"
बिचारा गारठला असेल, म्हणून चहाचा मग घेऊन निघाले.
"कोण आहे तिथं?"
मी रे, मार्येता.
"परवलीचा शब्द?"
शब्द संध्याकाळी ठरला तेव्हा
मी पातेलं घासत होते, नदीत, कोपरापर्यंत.
अरे, मी तुला रोज जेवायला वाढते!
"शत्रूही तेच म्हणेल."
आणि टॉर्च सरळ माझ्या डोळ्यांत.

मग बसले ओल्या ओंडक्यावर, दहा पावलं अलीकडे.
चहा मीच प्यायले.
बेडूक दोन्ही देशांचे, एकाच सुरात.
काजवे गवताच्या उंचीवरच, वर जायची हौस नाही त्यांना.
बऱ्याच वेळानं तो अंधाराशी बोलावं तसा बोलला:
सप्टेंबरात आम्ही ल्युब्लियानाला जाणार.
बाबा येणार नाहीत. बोट इथंच राहणार.
मी "हं" म्हटलं.
त्याहून मोठा शब्द
दहा पावलं पोचला असता की नाही, कोण जाणे.
"पुढच्या वर्षी मी पाहुणा असेन का?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, पाहुण्यांना भांडी घासायला लावत नाही आम्ही,
तुला लावू.
तो हसला असावा. टॉर्च थोडा हलला.

दोन वाजता नेझा आली, डोळे चोळत,
अर्ध्या जंगलाला ऐकू जाईल असं म्हणाली: "साळिंदर!"
तेव्हा कुठं मला वाट मिळाली.
झेंडा जागेवर होता.
खरं तर त्या रात्री कुणी आलंच नाही,
त्यांच्याकडे पोरांची पोटं बिघडली होती, सकाळी कळलं.
तिलनला मी ते सांगितलं नाही.

तंबू उठले की गवतावर चौकोन राहतात, फिकट, दबलेले,
दहाएक दिवसांत पुन्हा हिरवे होतात.
खुंट्या दोनशे त्रेसष्ट.
दोनदा मोजल्या.

ऑक्टोबरात टपाल लावताना एक कार्ड हाती आलं.
राजधानीचा शिक्का, पत्त्यात माझं नाव,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
मागं एकच शब्द, पेन्सिलीनं, दाबून लिहिलेला.
तो इथं सांगत नाही.
विचारल्याशिवाय सांगायचा नसतो तो.