कॉलरखाली

साळुंखे विहारमधून एक मुलगा आला,
पिशवीत चुलत आजोबांचं मेस जॅकेट.
लग्नाआधीच गेले ते, म्हणाला, आणि आता
काचेच्या चौकटीत लावायचंय तर घरात भांडण:
मोठे काका म्हणतात तोफखाना,
आत्या म्हणते रायफल्स, अगदी शपथेवर.
बटणं कधीच बोहारणीकडे गेली.
फोटो आहे, पण काळापांढरा,
आणि काळ्यापांढऱ्यात सगळ्याच पलटणी राखाडी.

मी जॅकेट उलटं केलं.
आत, बगलेपाशी, पिवळी पडलेली पट्टी:
डी. आर. पोरे अँड सन, साचापीर स्ट्रीट.
सन काही झाला नाही. मी झाले.

कॉलर उन्हानं खाल्लेली,
ना लाल ना हिरवी, चहाच्या चोथ्यासारखी.
पण रंग कुठे लपतो ते मला ठाऊक आहे,
शिवणीच्या आत, दुमडीच्या पोटात,
जिथे ऊनही पोचत नाही, साबणही नाही.

दुकानात नमुन्यांची वही होती,
पानागणिक बोटाएवढा तुकडा, एकेक पलटण.
साहेबांच्या यादीत नावं निराळी,
स्कार्लेट, मरून, बफ, रायफल ग्रीन.
आईनं त्यांना स्वयंपाकघरात आणून बसवलं होतं:
तोफखाना पिकल्या मिरचीचा,
डॉक्टरांचा तो डाळिंबी,
बफ म्हणजे आटत आलेली बासुंदी,
आणि रायफल्सचा हिरवा
वांग्याच्या देठाचा, जवळजवळ रात्रीतच गेलेला.

दादा तुकडा आधी गालाला लावायचे,
मग दारात उजेडाला धरून आम्हा पोरींना विचारायचे,
हा कोणता?
लाल! आम्ही ओरडायचो.
आणि हा? हिरवा!
शाब्बास, म्हणायचे, आणि कात्री उचलायचे.
मला वाटायचं, शिकवतायत.

आई गेल्यावर त्यांनी मेसची कामं सोडली.
खाकी, फक्त खाकी,
पोलिसांची, एनसीसीच्या पोरांची, बँकेच्या वॉचमनची.
लोक म्हणाले, खचला माणूस.
घोरपडीचे एक कर्नल दोनदा गाडी घेऊन आले,
दादांनी त्यांना चहा पाजला
आणि पलीकडच्या कासमभाईंकडे पाठवलं.

ब्लेडच्या टोकानं मी एकेक टाका उसवला.
मुलगा श्वास धरून उभा.
दुमड उघडली, आणि आत
बोटभर रुंदीचा हिरवा,
काल कापल्यासारखा, देठाचा, ओला.
आत्या जिंकली, मी म्हटलं.
तो लगेच फोनला लागला.

मी अजून आतच बघत होते.
कापडाच्या काठाला पांढऱ्या दोऱ्याच्या दोन गाठी,
मोहरीएवढ्या,
मानेला कधी टोचणार नाहीत अशा जागी.
गाठ आईची. दोन वेढे देऊन
दातानं तोडायची ती दोरा, टोक नेहमी तिरकं.

मग मागल्या खोलीतले गठ्ठे आठवले,
एकूण एक गठ्ठ्याच्या काठाला गाठी.
लालला एक. हिरव्याला दोन.
आम्ही समजायचो, मापं असतील.
बेचाळीस वर्षं पलटणींचे रंग शिवले ज्या माणसानं
त्याला मिरची आणि मिरचीचा देठ
एकच दिसत होता.
आणि हे घरात दोघांनाच माहीत,
त्यातलं एक गेलं
तेव्हा उरली खाकी.

नवी पट्टी लावा ना काकू, झळझळीत,
मुलगा म्हणाला, फोनवर हात ठेवून.
नको म्हटलं.
कॉलर होती तशी दुमडली,
जुन्याच भोकांतून सुई घातली,
गाठी आत.

किती झाले?
दीडशे.
तो पाकीट काढत होता,
मी दारात गेले, रीळ उजेडाला धरलं,
आणि तोंडातून गेलंच,
हा कोणता?
हिरवा, म्हणाला तो. का?

शाब्बास, म्हटलं.