चिठ्ठीवरचं नाव

हॅलिफॅक्समधल्या दुकानात
गालिच्याला चिठ्ठी: बुखारा.
ओगुलगेरेक तो मांडीवर पालथा घालते,
गाठी मोजते.
"बुखाऱ्यात नुसता बाजार भरायचा.
विणलाय आमच्या तेक्के बायांनी.
हे ग्योल बघ, सही आहे ती."
मंजिष्ठी दोरा दातानं तोडते.

नावाचा अर्थ विचारते मी.
"मुलगा हवा."
चौथी ना ती.

माझी साताऱ्याची आत्या नकुशी,
शाळेच्या दाखल्यावरही नकुशीच.
सांगू नये वाटतं.
सांगते.

ती हसते, डोळे भरेस्तोवर,
मग टेबलावर उलटी पडलेली चोरेक-रोटी
सुलटी करते,
झोपलेल्या मुलीला कुशीवर वळवावं तशी.

चिठ्ठी राहते तशीच.
गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे.