गुरुवारचा बाक

दोन रात्री आणि एक अख्खा दिवस बसमध्ये काढून
आम्ही रोमला उतरलो,
तेव्हाही बाबांच्या हातात ती बरणी होतीच,
टॉवेलात गुंडाळलेली, भाजलेल्या वांग्यांची.
सबंध हंगेरी ओलांडताना त्यांनी ती
एकदाही खाली ठेवली नव्हती.

आई थांब्यावर उभी. केस कापलेले.
आठवणीतल्यापेक्षा बुटकी.
(खरं तर मीच वाढले होते, सहा वर्षांत.)
सोरिन माझ्यामागे लपला
आणि शाळेतल्या बाईंना विचारावं तसं म्हणाला,
"तुम्ही कशा आहात?"
आई हसली. जरा जास्तच वेळ हसत राहिली.

ऑगस्टमधले पाच दिवस.
तिची म्हातारी, सिन्योरा एर्सिलिया,
लेकीबरोबर समुद्रावर गेलेली,
म्हणून आईला सुट्टी,
म्हणून आम्हाला रोम.

वहीत मी एकवीस ठिकाणं लिहून आणली होती,
महत्त्वाच्यांखाली लाल रेघ.
पहिल्याच चौकात विचारलं, हे चर्च कुठलं?
"चर्चचं काही माहीत नाही बाई,
पण शेजारचं औषधांचं दुकान रात्रभर उघडं असतं."
पुलावर म्हणाली, इथे खुर्ची ढकलवत नाही, दगड फार.
राजवाड्यापाशी: चारनंतर या भिंतीला सावली येते.
मी वही मिटली नाही,
पण रेघा मारणं सोडून दिलं.

कोलोसियमसमोर मात्र ती थबकली.
"एवढं मोठं आहे होय हे?"
सहा वर्षं ती त्याच्यावरूनच जात होती,
बसमध्ये उभ्यानं, एका हातात दांडी,
दुसऱ्यात सिन्योराची औषधं,
तोंड पलीकडच्या खिडकीकडे.
बाबांनी तिकिटांचा फलक वाचला,
चारानं गुणलं, मग आमच्या पैशांत मोजलं,
आणि जाहीर केलं,
"बाहेरूनच चांगलं दिसतं."
आम्ही त्याला दोन फेऱ्या घातल्या,
ईस्टरच्या रात्री गावात चर्चभोवती घालतो तशा,
फक्त हातात मेणबत्त्या नव्हत्या.

कारंज्यात सोरिननं नाणं टाकलं, आमच्याकडचं.
बाबा म्हणाले, "इथे चालत नाही रे ते."
"पण माझी इच्छा आपल्या गावातलीच आहे."
यावर कुणाला काही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी त्याची टाच सोलली.
आईनं न बघता पर्समधून पट्टी काढली,
रस्त्यातच गुडघे टेकले, पाय मांडीवर घेतला,
फुंकर घातली, आणि अगदी हळू,
तिकडच्या भाषेत पुटपुटली,
"झालं हं सिन्योरा, झालंच."
तो खो खो हसला.
"अगं, सिन्योरा काय! मी सोरिन आहे!"
अगं, म्हणाला.
आईनं ऐकलं, मी ऐकलं.
बाबा नकाशा उलटा धरून उभे होते,
त्यांनीही ऐकलं असावं,
कारण नंतर बराच वेळ त्यांनी तो सुलटा केला नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी विचारलं,
तू कुठे जातेस, तुझी तू?
ती आम्हाला स्टेशनामागच्या बागेत घेऊन गेली.
गवत वाळलेलं, कबुतरं, एक हिरवा बाक,
एक फळी तुटकी.
"गुरुवारी दुपारी सुटी असते ना आम्हाला.
मी, व्हेता आणि ती गालात्सची लुक्रेत्सिया.
फोन आले की एकेक जण उठून लांब जातो,
म्हणजे दुसरीला रडू ऐकू जात नाही."
हे ती आम्हाला राजवाडे दाखवावेत तसं दाखवत होती,
हातानं, थोडं अभिमानानंही.

बाबा बाकावर बसले. तुटक्या फळीवर हात फिरवला,
खिळा कुठला लागेल ते पाहिलं.
मग बरणी उघडली.
पाव होता, सुरी नव्हती,
आम्ही बोटांनीच खाल्लं.