तीनवर उचलायचं

एस्टिलला दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते.
मी या बाजूला, डीड्रा त्या बाजूला,
अंगाखालची चादर मुठींत गुंडाळून
एक, दोन,
आणि तीनवर उचलायचं.
चारपर्यंत कुणी मोजत नाही.

प्रतीक्षायादीत माझा नंबर तीन होता.
डीड्राचा चार.
मार्चमध्ये एकाच दिवशी पत्रं आली तेव्हा
चादरींच्या खोलीत, डायपरच्या खोक्यांवर बसून
आम्ही हसत सुटलो होतो:
नर्सिंगच्या बत्तीस जागा, चारशे अर्ज,
आणि केंटकीच्या या घळीतल्या दोन बाया
यादीतही शेजारशेजारी.

त्याआधीचं वर्ष आम्ही हाडांवर काढलं.
एस्टिलच्या नडगीवर ती टिबिया, फिब्युला शिकली,
मी त्याच्या मनगटातली आठ हाडं पाठ केली
मलम चोळता चोळता.
चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस,
अर्धं फुप्फुस कोळशाचं,
तरी दटावायचा, "अडखळलीस, पोरी. पुन्हा म्हण."
नावं त्याला एकही ठाऊक नव्हती.
कुठं अडखळतो ते मात्र बरोबर ऐकू यायचं.

रसायनशास्त्रात मी एकदा नापास झाले.
पुन्हा बसले तेव्हा बेचाळिशी उलटली होती,
शेजारचा मुलगा मला मॅडम म्हणाला,
पेन उसनं घेऊन गेला तो गेलाच.
डीड्रा कशातच नापास झाली नव्हती.
हे मी कुणापाशी बोलत नाही,
की तिचे गुण माझ्याहून बरे होते,
फक्त मुलाखतीच्या सकाळी ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं
आणि ती वीस मिनिटं उशिरा पोचली,
गालिच्यावर चिखलाचे बूट उमटवत.

आज संध्याकाळी, कामावर चढायच्या आधी,
एप्रिल असूनही गाडीत हीटर लावून
मेल उघडला.
कळवण्यास आनंद होतो.
अठ्ठेचाळीस तासांत होकार,
दोनशे डॉलर अनामत, गोवराच्या लशीचा दाखला.
झाला का आनंद? झाला.
स्टिअरिंगवर कपाळ टेकलं तर हॉर्न वाजला,
स्वयंपाकघरातला रॉस्को कचऱ्याची पिशवी टाकून धावत आला.
काही नाही, म्हटलं. काही नाही रे.

मग मनात आलं, ही जागा सोडली कुणी?
लेक्सिंग्टनला बरं कॉलेज मिळालेली कुणी?
की दिवस गेलेली?
की दोनशे डॉलर न जमलेली?
तिच्या नावावर काट मारली गेली असेल
तेव्हा आवाजही झाला नसेल.

आता रात्रीचे दोन.
फोन खिशात, मांडीला लागून गरम.
डीड्रा समोर उभी, बाह्या सरसावून.
तिनं काही विचारलेलं नाही.
पण आज यंत्रातून माझ्यासाठी
शेंगदाण्याची बिस्किटं आणली, न मागता,
किंवा उगाचच आणली असतील,
चोराच्या मनात चांदणं.

"आटपा," एस्टिल म्हणतो, "गारठलो."
एक, मी म्हणते.
दोन, ती म्हणते.
तीन कुणीच म्हणालं नाही,
तरी तो उचलला गेला, सवयीनं, अलगद,
भिंतीकडे तोंड करून स्थिरावला.

पाठीमागे उशी सरकवताना ती म्हणाली,
"कधीपासून?"
"ऑगस्ट."
तिनं चादरीची चुणी ओढून सपाट केली.
मग पुन्हा एकदा, सपाट असूनही.
"येणारीला सांगून ठेव,
याचा डावा खांदा धरायचा नसतो."

एस्टिलनं पाठमोऱ्यानंच मनगट पुढं केलं.
"चला. आज कुणाची पाळी?"
"माझी," डीड्रा म्हणाली.
स्कॅफॉइड. ल्युनेट. ट्रायक्वेट्रल.
आणि थांबली.

चौथं तिला येतं.
झोपेतून उठवलं तरी येतं.

"अडखळलीस," एस्टिल भिंतीला म्हणाला.