नाव अजून पलीकडं

ऋतुजा, सूप जरा सावलीत सरकीव.
पानं सुकली की मुडपताना चिरतात.
हां. आता ऐक.

दूधगंगा ओलांडून तू निपाणीत आलीस
त्याला आठ महिने झाले.
हंडा आला, शिलाई मशीन आलं,
तुझ्या आईनं दिलेला चिवडासुद्धा संपला.
नाव मात्र अजून कागलातच हाय,
शाळेच्या भिंतीवर, यादीच्या तिसऱ्या पानावर,
माहेरच्या आडनावात.
टोलनाक्यावर त्याला कुणी अडवलं न्हाई.
त्याला आणायलाच कुणी गेलं न्हाई.

आठ नंबरचा फॉर्म असतो.
राज्य बदललं तरी तोच.
सहा नंबरचा न्हवं, तो पहिलटकरणीचा.
अंगणवाडीच्या गंगव्वा बाई भरून घेतात.
पैसे पडत न्हाईत;
पैसे मागणारा भेटला तर तो त्यांचा माणूस न्हवं.
पोच मागून घे,
घडी घालून रेशनकार्डात ठेव.

आणि यादी छापून आली की जाऊन बघ.
नुसतं कार्ड असून भागत न्हाई, यादीत नाव लागतंय.
यादी कानडीत असते. लाजू नको,
ओळीवर बोट ठेव आणि वाचून घे कुणाकडनं तरी.
माझं एकदा मानेचं मने झालं होतं.
गंगव्वा बाई हसल्या, म्हणाल्या,
इंदुबाई, मने म्हंजे आमच्यात घर.
मीबी हसले.
चाळीस वर्षं विड्या वळून
भाड्याच्याच खोलीत राहिलेल्या बाईला
कागदानं फुकटात घर दिलं!
ते मी परत केलं.
मत द्यायच्या खोलीत
घर दाखवून कोण आत सोडतंय?

गाडीवरनं एक पोरगा येईल,
मावशी, कार्ड द्या, झेरॉक्स काढून आणतो.
झेरॉक्सचं दुकान आपल्याबी पायाला सापडतं.
मग कूपन काढेल,
देवापुढं हात धरून शपथ घ्या म्हणेल.
गेल्या खेपेला हसीनानं त्याला विचारलं होतं,
वरच्याला सगळं दिसतंय,
तर तू रे कशाला विचारतोस?
त्या दिवशी आमच्या ओळीत छाटसुद्धा कमी निघाली.

पारूचं मात्र वेगळं झालं.
केंद्रावर म्हणाले, तुमचं मत पडलंय.
ती दारातनंच फिरली, चार दिवस जेवली न्हाई.
असं झालं तर फिरायचं नसतं.
मोठ्या साहेबाला भेटायचं, कागदावरचं मत मागायचं,
टेंडर का काय म्हणतात त्याला.
मला हे नंतर कळलं.
सांगायला गेले, तर ती लेकीकडं इचलकरंजीला गेली होती.
कायमचीच.

मोबाइल घरी ठेव. आत नेऊ देत न्हाईत,
आणि फोटो मागणारा बाहेरच उभा असतो.
बटण दाबलंस की काचेआड चिठ्ठी दिसते,
सात सेकंद.
सात सेकंद म्हंजे किती,
सुताचे दोन वेढे आणि गाठ.
तेवढं बघ, मान वळवू नको.
कुणाला दिलंस ते मलाबी सांगू नको.
विचारलं तर म्हण, सासूबाईंना विचारा.
तिला म्हण, इंदुबाईला विचारा.

मी डावखुरी.
डाव्या तर्जनीचं नख वाढवलेलं,
विडीचं तोंड मुडपायला.
शाईबी त्याच नखावर लावतात.
तंबाखूनं पिवळं झालेलं, त्यावर काळी रेघ.
लावणारा म्हणाला, बाई, दिसंल का ही?
म्हटलं, दिसंल.
मग दोन महिने, दिवसाला आठशे,
एकेका विडीचं तोंड त्या शाईनं मुडपलं.
कुठल्या कुठल्या गावांत ओढल्या असतील माणसांनी.
रेघ सरकत सरकत टोकाला आली
तरी कात्री लावायला हात होईना.

बघ, बोलता बोलता पानं सुकलीच.
पाणी मार.
न्हाई, थांब, पाणी मी मारते.
आज शनवार हाय,
गंगव्वा बाई बाराला घरी जातात.