हललेला

ऊन असलं की मी घरीच बसतो.
उन्हात पक्षी राहत नाही, पंचनामा उरतो :
चोचीखाली काळा चर, पाठीवर पांढरा चट्टा.

म्हणून मे महिन्यात पहाटे तीनला उठून
आधी खिडकीतून खाडीकडे बघतो.
मात्सालूवर ढग असेल,
न पिळलेल्या चादरीसारखा, या काठापासून त्या काठापर्यंत,
तर थर्मास भरतो.

असा उजेड कुठून येत नाही.
असतो, झालं.
पिसांच्या मुळाशी जातो,
तपकिरीतला हिरवा वेगळा काढून दाखवतो,
पाठीवरची एकेक रेघ
बोरूनं ओढावी तशी, जाड, मग बारीक.

त्रीन शेजारच्या एव्हेची मुलगी, अकरा वर्षांची.
बुटात पाणी शिरलं तरी हूं की चूं करत नाही,
म्हणून शनिवारी तिला बरोबर नेतो.
हे एक कारण.

एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
पट्ट्याच्या करवतीपाशी उभा होतो.
कानात कापूस घालणं तेव्हा नखरा वाटायचा.
करवतीनं फळ्या दिल्या, पगार दिला,
आणि वरच्या पट्टीतलं सगळं
हळूहळू कापून नेलं.
क्रौंच ऐकू येतात अजून. होड्यांची इंजिनं येतात.
एव्हेचा कुत्रा तर येतोच.
पण हा, गवतात उंदरासारखा पळणारा,
आमच्याकडे ज्याला रातकिड्याचा पक्षी म्हणतात,
तो एका वसंतात आला नाही.
वहीत तसं लिहिलं : यंदा नाही.
पुढच्या वर्षी : नाही.
तिसऱ्या वर्षी एव्हे धुणं वाळत घालता घालता म्हणाली,
रात्रभर त्या गवतात कोण शिवणयंत्र चालवतंय, हिल्लार?
डोळ्याला डोळा नाही.

मी मान हलवली. आत जाऊन
वही कपाटात ठेवली.

आज तो अकरा पावलांवर बसलाय,
गेल्या सालच्या वाळक्या देठावर,
चोच उघडी, शेपूट कापतेय.
माझ्यापुरती सगळी खाडी मुकी.
त्रीन माझ्या बाहीला चिमटा घेते : सुरू.
चिमटा सोडते : थांबला.
पुन्हा चिमटा, यावेळी खूप लांब,
इतका की तिचीच बोटं थरथरायला लागतात.

उजेड कमी, म्हणून शटर सावकाश :
सेकंदाचा चाळिसावा भाग.
पडद्यावर डोळा लख्ख, मोहरीएवढा,
नखं देठात रुतलेली,
देठावरचे दवाचे थेंब मोजून घ्यावेत.
फक्त गळ्याच्या जागी धूर.

असाच एक मागे स्पर्धेला पाठवला होता.
परत आला, मागे पेन्सिलीनं शेरा :
प्रकाश उत्तम. गळा हललाय. शटर वाढवावे.

वाढवता येतं, मला ठाऊक आहे.
तिपाईचा स्क्रूही घट्ट आहे, तपासून झालाय.
हललंय ते माझ्याकडून नाही.

कसा असतो गं आवाज, मी विचारलं.
ती विचारात पडली.
मासा ओढ घेतो आणि रीळ सुटते ना, तसा,
पण मासा संपतच नाही.
मग माझ्या कानाला तोंड लावून
जीभ टाळूला घासत तिनं करून दाखवला,
जाडाभरडा, खालच्या पट्टीत, थुंकीसकट.
मला ऐकू आला. साफ चुकीचा होता.
पुन्हा कर, म्हटलं.

सात वाजता ढग उसवला,
पूर्वेकडून ऊन घुसलं गवतात.
आवरताना तिनं बूट उपडा केला,
त्यातून अर्धी खाडी निघाली
आणि एक गोगलगाय.

जुन्या पानांवर खाडाखोड केली नाही.
आजच्या तारखेपुढे लिहिलं : आला.
ऐकणार : त्रीन.
फोटो : एक. हललेला.